तुकडा काढला की पसरतो म्हणे!

"आता अन्ननलिकेसाठी ती निळ्या दिव्याची एंडोस्कोपी आलीये ना, मग तपासायला तुकडा कशाला काढायचा? हात लावला की कॅन्सर पसरतो." नोएडा-दिल्लीकडच्या शिकल्यासवरल्या मराठी माणसांकडून हे ऐकून ऐकून कान किटले.

आधी दिव्याचं बघू. या नॅरो बँड इमेजिंगमध्ये पांढऱ्या उजेडाऐवजी ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० च्या आसपासचा हिरवा प्रकाश सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हेच रंग शोषतं, शिवाय निळा प्रकाश खोल शिरत नाही. त्यामुळे अन्ननलिकेच्या अस्तरातल्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. पेशी बिघडू लागल्या की या वाहिन्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात. फायदा मोठा आहे: मुतो आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या जपानी अभ्यासात वरवरचा कॅन्सर साध्या उजेडात ५५ टक्के, या प्रकाशात ९७ टक्के सापडला. पण नुसती सूजही तपकिरी दिसू शकते! दिवा जागा दाखवतो, निदान सूक्ष्मदर्शकाखाली होतं. नोएडाच्या सेक्टर ३९ मधली राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था १९७९ मध्ये सुरू झाली तीच मुळी पेशी तपासणारं सायटॉलॉजी रिसर्च सेंटर म्हणून.

आता पसरण्याचं. कॅन्सरपूर्व पेशी अस्तराच्या वरच्या थरातच असतात. खालचा पापुद्रा भेदून पुढे घुसण्याची ताकद त्यांच्यात अजून आलेली नसते. चिमट्याने काही मिलिमीटरचा तुकडा घेतल्याने ती येत नाही. उलट याच टप्प्यात बिघडलेला भाग बऱ्याचदा छाती न उघडता, दुर्बिणीतूनच काढता येतो. ही संधी लोक ऐकीव भीतीपायी घालवतात, आणि मग घास अडकू लागला की धावतात. तोवर नळी बरीच अरुंद झालेली असते.

बाकीचे गैरसमज किरकोळ. हा निळा-हिरवा प्रकाश म्हणजे एक्स-रे नव्हे. "मी ओढत नाही, फक्त चघळतो" यानेही सुटका नाही, अन्ननलिकेला दोन्ही प्रकारची तंबाखू बाधते. ॲसिडिटीमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणाऱ्या 'बॅरेट' बदलातून कॅन्सर होतो, पण क्वचित: डेन्मार्कच्या २०११ च्या अभ्यासात वर्षाला ०.१२ टक्के. आणि हो, सरसकट सगळ्यांनी दुर्बीण घालून घ्यायची नाही. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, अन्ननलिका नाही. वर्षानुवर्षं दारू-तंबाखू घेणाऱ्यांनी किंवा तोंडाचा, घशाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांनी मात्र डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.