स्टँड मिक्सर : ओट्यावर की माळ्यावर?

दसरा-दिवाळी जवळ आली, की घरोघरी एखाद्या नव्या यंत्राची चर्चा सुरू होते. अलीकडे या चर्चेत स्टँड मिक्सरचे नाव वरचेवर ऐकू येते. खाली मोठे स्टीलचे भांडे, वर जाडजूड डोके आणि त्यातून खाली लोंबणारे आकड्यासारखे पाते, असे हे भारदस्त यंत्र. किंमत सात-आठ हजारांपासून पुढे चाळीस-पन्नास हजारांपर्यंत. मग प्रश्न येतो, ‘हे घ्यावे का हो?’

उत्तराआधी नावाचा घोटाळा दूर करू या. आपल्याकडे ‘मिक्सर’ म्हणजे वाटण करणारे यंत्र. त्याचे पाते मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेते आणि खोबरे, मिरची, डाळ कापून बारीक करते. स्टँड मिक्सर काहीही वाटत नाही. तो मळतो, कालवतो आणि फेटतो. कणीक मळताना त्याचे पाते अगदी संथ फिरते, पण त्यामागे जोर मोठा असतो. ते स्वतःभोवती फिरता फिरता भांड्यालाही फेरी घालते, ग्रह सूर्याभोवती फिरतो तसे. त्यामुळे भांडे जागचे हलत नाही आणि तरी कडेचे पीठ सुटत नाही. म्हणजे चटणीला आणि इडलीच्या पिठाला जुना मिक्सर लागणारच. हे यंत्र त्याची जागा घेत नाही, ओट्यावर आणखी एक जागा अडवते.

त्याचा जन्मही वेगळ्या स्वयंपाकघरातला आहे. अमेरिकेत १९०८ साली हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या अभियंत्याने एका बेकरीवाल्याला चमच्याने पावाचे पीठ कालवताना पाहिले आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. आधी बेकऱ्यांसाठी मोठी यंत्रे झाली. घरगुती यंत्र १९१९ साली आले, तेही जवळजवळ तीस किलो वजनाचे! इंग्लंडमध्ये केनेथ वुड यांचे ‘केनवूड शेफ’ १९५० साली बाजारात आले. ही सारी घरे पाव, केक आणि बिस्किटांची. पोळी-भाकरीचा विचार या यंत्रामागे नव्हता.

म्हणून आपल्या पिठांचा विचार आपणच करायला हवा. गव्हाच्या पिठात पाणी पडले, की त्यातल्या दोन प्रथिनांची मिळून ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. मळताना ती ताणली जाते आणि मजबूत होते. पावाला ही जाळी भक्कम लागते, कारण आंबताना निघणारा वायू तिनेच धरून ठेवायचा असतो. हाताने पंधरा मिनिटे मळावे लागणारे पीठ यंत्र आठ-दहा मिनिटांत करते. पुरणपोळीची कणीकही अशीच. तेल-पाणी लावून ती तिंबायची, तेव्हा कुठे पुरण पोटात घेऊन न फाटता पसरते. तिथे हे यंत्र खरोखर मदतीला येते.

रोजच्या पोळीला मात्र इतका खटाटोप लागत नाही. कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवली, की पाणी आपोआप मुरते आणि निम्मे काम बसल्या जागी होते. ज्वारी-बाजरीत तर ग्लुटेनच नसते. भाकरीचे पीठ एकेका भाकरीपुरते घेऊन तळहातानेच मळायचे आणि लगेच थापायचे. तिथे यंत्राला काही कामच नाही.

आता वेळेचा हिशोब. चार माणसांच्या घरात एका वेळी बारा-पंधरा पोळ्या, म्हणजे साधारण अर्धा किलो पीठ. हाताने मळायला सात-आठ मिनिटे. यंत्राने पाच मिनिटे; पण पाते आणि भांडे धुवायचे, आणि यंत्र आत ठेवलेले असेल तर आठ-दहा किलोचे ओझे उचलून बाहेर काढायचे. वाचले काय? काहीच नाही. वेळ वाचेल म्हणून जे हे यंत्र घेतात, त्यांचे यंत्र वर्षभरात माळ्यावर जाते.

आमच्याकडेही ते माळ्यावरच होते. भाच्याने अमेरिकेहून मोठ्या हौसेने आणले आणि मी उत्साहाच्या भरात फक्त पिन बदलून ते लावले. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. अर्ध्या मिनिटात जळका वास आला. मोटर पुन्हा गुंडाळून घेतली, पण धसका बसला आणि यंत्र माळ्यावर गेले ते सहा वर्षे तिथेच राहिले.

ते खाली आले आईच्या हातांमुळे. संधिवाताने तिची बोटे वाकडी होऊ लागली होती. सकाळी कणीक भिजवताना ती मध्येच थांबायची आणि आमची पाठ वळली, की पुन्हा सुरू करायची. ‘पोळ्यांना बाई लावू या’ म्हटले, की गप्प व्हायची. पन्नास वर्षे सांभाळलेले काम सोडणे तिला जड जात होते. शेवटी मी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला, यंत्र ओट्यावर ठेवले आणि ते तिथून हलवायचे नाही असे ठरवले. पहिल्या दिवशी आई म्हणाली, ‘अगं, पण पीठ हाताला कळत नाही यात.’ खरेच होते ते. मग तिने तिची रीत काढली. यंत्राने मळून झाले, की तेलाचा हात लावून शेवटची दोन वळणे ती स्वतः द्यायची. पोळ्या पुढे चार वर्षे तिनेच केल्या.

तेव्हा मला उमगले, की हे यंत्र वेळ वाचवत नाही, हात वाचवते. घ्यावे की नाही, हे त्यावरूनच ठरवावे. घरात कुणाची मनगटे, बोटे, खांदे दुखत असतील, तर ते चैनीचे नाही. दर आठवड्याला पाव, केक होत असतील किंवा चक्का फेटून श्रीखंड, सायीचे लोणी मोठ्या प्रमाणावर लागत असेल, तरीही ते वसूल होते. वर्षातून दोनदा पुरणपोळी आणि एकदा नाताळचा केक एवढ्यासाठी मात्र घेऊ नये. त्या दिवशी शेजारणीचे मागून आणावे!

आमच्या शेजारच्या वहिनी रोज शंभर पोळ्या डब्यांसाठी करतात. त्यांनी विचारले, ‘ताई, मी घेऊ का?’ शंभर पोळ्यांना तीन किलोच्या आसपास पीठ लागते. घरगुती यंत्रात एका वेळी घट्ट कणीक मळायची तर पाऊण किलो पीठ पुरे. लागोपाठ चार घाणे काढले तर मोटर तापते. त्यांना मी सांगितले, की फक्त कणीक मळण्याचे मोठे, मजबूत यंत्र घ्या.

घेताना नुसते वॅट पाहू नयेत. दुकानात पीठ नेऊन मळून दाखवायला सांगावे. यंत्र थरथरते का, डोके उचलले जाते का, ते पाहावे. दुरुस्ती आपल्या गावात होते का, तेही विचारावे. विजेची काळजी नको. ५०० वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले, तरी एक दशांश युनिटही जळत नाही.

आणि शेवटचे, कणीक रोज कोण मळते, हे पाहून त्या माणसालाच निर्णय करू द्यावा. घरातली बाकीची मंडळी पैसे आणि जागा मोजतात. हात दुखतो तो तिचा. यंत्र परवडत नसेल, तर घरात दुसऱ्या कुणाचे हात रिकामे असतीलच. कणीक मळायला पुरुषांनाही येते, दोन-चार वेळा बिघडली की जमते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)