रामाकोना : अक्षरे किती?

नागपूर-छिंदवाडा रेल्वेमार्गावर, सौंसर तालुक्यात, रामाकोना हे गाव आहे. या नावात अक्षरे किती, असे तेथील एखाद्या शाळकरी मुलास विचारले, तर तो बोटांवर मोजून ‘चार’ असे सांगेल. हाच प्रश्न संगणकास केला असता उत्तर कधी २४, कधी ८, तर कधी ४ असे येते. यांतील एकही उत्तर खोटे नव्हे. मोजमाप तेवढे निराळे असते.

जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या सर्व्हरवरून चालतात, त्यांवर पीएचपी नावाची संगणकभाषा वापरली जाते. रास्मस लेर्डॉर्फ यांनी ती १९९५ साली लोकांपुढे ठेवली. मूळ भाषेचा नेहमीचा मोजणारा आदेश केवळ बाइट मोजतो. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘रामाकोना’ या नावात चार व्यंजने व चार स्वरचिन्हे, अशी आठ चिन्हे आहेत. म्हणून बाइट चोवीस. चिन्हे मोजावयाची असतील, तर भाषेस ‘एमबीस्ट्रिंग’ नावाची पुरवणी जोडावी लागते. माणसाच्या दृष्टीने जे अक्षर, ते मोजावयाचे असेल, तर ‘इंटल’ ही दुसरी पुरवणी लागते. अशा पुरवणीलाच एक्स्टेन्शन म्हणतात.

हा केवळ मोजणीचा खेळ नव्हे. समजा, एखाद्या यादीत जागा अपुरी असल्याने नाव कापावयाचे आहे. दहा बाइटांवर कापले, तर ‘राम’ एवढेच उरते आणि पुढे अर्थहीन खूण उमटते. पाच चिन्हांवर कापले, तर ‘रामाक’ उरते. ‘को’ची मात्रा गळून पडते. तीन अक्षरांवर कापले, तरच ‘रामाको’ असे धड रूप हाती येते. गावाच्या जागी एखाद्या माणसाचे नाव असेल, तर दाखल्यावरील नाव व नोंदीतील नाव जुळणार नाही.

म्हणून पुरवण्यांची निगा हे सर्व्हर सांभाळणाऱ्याचे महत्त्वाचे काम ठरते. डेबियनसारख्या प्रणालीत एमबीस्ट्रिंगचे पॅकेज वेगळे असते. मूळ भाषा बसविली म्हणजे तेही आलेच, असे नाही. शिवाय पुरवणी भाषेच्या विशिष्ट आवृत्तीसाठी बांधलेली असते. पीएचपी ७.४ची पुरवणी ८.२ला लागू पडत नाही. भाषा बदलली की पुरवणीही नव्याने बसवावी लागते. आदेशपटलावरून चालणारी पीएचपी व संकेतस्थळ चालविणारी पीएचपी यांच्या मांडणीच्या फायली तेथे निरनिराळ्या असतात. त्यामुळे एकीकडे पुरवणी दिसते आणि दुसरीकडे नसते, असेही घडते. बदलानंतर सेवा पुन्हा सुरू करून, जोडलेल्या पुरवण्यांची यादी दोन्हीकडे तपासणे इष्ट.

पुरवणी असूनही तिची आवृत्ती जुनी असू शकते. रामाकोना २०२३ साली ज्या नव्या जिल्ह्यात गेले, त्या पांढुर्णा जिल्ह्याचेच नाव घ्या. ‘र्णा’ हे जोडाक्षर एकच धरावे, असा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत त्याच वर्षी आला. इंटल ही पुरवणी आयसीयू नावाच्या ग्रंथालयावर अवलंबून असते. ते ग्रंथालय जुने असेल, तर ‘पांढुर्णा’ची अक्षरे चार भरतात, नवे असेल, तर तीन. चाचणीच्या सर्व्हरवर एक उत्तर आणि प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर दुसरे, असा घोटाळा येथेच उद्भवतो.

पुरवणी मुळीच नसेल, तर कार्यक्रम त्रुटी दाखवून थांबतो. हा दोष बरा. तो निदान दिसतो. पण ‘पुरवणी नसल्यास बाइट मोजावे’ अशी पळवाट कोणी लिहून ठेवली असेल, तर काम बिनबोभाट चालू राहते आणि नावे मात्र बिघडत जातात. त्यावर उपाय साधा आहे : कंपोझर या साधनाच्या यादीत आवश्यक पुरवण्यांची नावे लिहून ठेवावीत, म्हणजे त्यांच्यावाचून मांडणीच पुरी होत नाही. आणि प्रत्येक बदलानंतर ‘रामाकोना’ व ‘पांढुर्णा’ ही दोन नावे सर्व्हरकडून मोजून घ्यावीत. उत्तर चार आणि तीन आले, तर पुढील काम निर्धास्तपणे करता येईल.