गुणाचं पोर

नोव्हेंबर १९५२. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनचं सभागृह डॉक्टर आणि परिचारिकांनी भरलेलं. पडद्यावर एक मूकपट सुरू झाला. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात आहे, आई सोबत नाही. कुणी तिच्यावर हात उगारत नाही की खेकसत नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडते. लॉरा फारसं रडतही नाही. चित्रपट संपला आणि सभागृह खवळलं. हा बालरुग्णसेवेचा अपमान आहे, मुलगी मुद्दाम निवडलेली आहे, चित्रपट मागे घ्या, अशी मागणी होऊ लागली.

न रडणाऱ्या एका पोरीनं एवढं काय बिघडवलं होतं?

चित्रपट काढणारा जेम्स रॉबर्टसन डॉक्टर नव्हता. स्कॉटलंडच्या कामगार घरातला हा माणूस युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या बालनिवासात बॉयलर सांभाळायचा, डागडुजी करायचा. तिथला नियम असा की काम कुठलंही असो, मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकानं कार्डावर लिहून ठेवायचं. बॉयलरवाल्याची नजर तिथे तयार झाली. १९४८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी त्याला रुग्णालयात भरती झालेल्या लहान मुलांचं निरीक्षण करायला घेतलं.

त्या काळचे भेटीचे नियम आज वाचवत नाहीत. १९४९ च्या सुमारास गाइज हॉस्पिटलात आईबाप लेकराला रविवारी दुपारी दोन ते चार एवढंच भेटू शकत. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालच्या मुलांना भेटच नव्हती. आईबापांनी आडभिंतीपलीकडून बघायचं आणि परत जायचं. यात क्रूरपणाचा हेतू नव्हता. जंतुसंसर्गाची धास्ती होती, शिवाय एक तर्क होता: आई आली की मूल रडतं, गेली की जास्त रडतं, मग आई न आलेलीच बरी. चार-सहा दिवसांत मूल रुळतं.

रॉबर्टसन खाटांजवळ तासन्‌तास बसला, आणि हे ‘रुळणं’ त्याला टप्प्याटप्प्यानं दिसू लागलं. आधी आक्रोश. मग निराशा, मूल आवाज न करता पडून राहतं, खाण्यावरची वासना जाते. आणि मग तिसरा टप्पा, ज्यावर सगळा वॉर्ड खूश असे: मूल हसतं, जेवतं, येईल त्या परिचारिकेकडे जातं. फक्त आई आली की तिच्याकडे बघत नाही. वॉर्डाच्या लेखी ते सुधारलेलं असे. त्याला पुढे अलिप्तता असं नाव मिळालं. मुलानं आशा सोडली होती.

सांगून कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं हातात कॅमेरा घेतला. पूर्वी कधी तो चालवलेला नव्हता. आरोप होणार हे ठाऊक असल्यामुळे मूल प्रतीक्षायादीतून चिठ्ठी टाकल्यासारखं निवडलं, चित्रण रोज ठरलेल्या वेळी केलं आणि घड्याळ चौकटीत दिसेल असं ठेवलं. नशिबानं आली लॉरा, वयाच्या मानानं फार सोशिक. ती ओठ दाबून हुंदका गिळते, शांत सुरात आई कुठे आहे विचारते, आई भेटायला आली की तोंड फिरवते. घरी जायच्या दिवशी सगळं सामान घेऊन निघते आणि आईनं पुढे केलेला हात धरत नाही. डॉक्टरांना जे वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं, ते या एका नकारात दिसत होतं. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं शिफारस केली की भेटीच्या वेळा खुल्या ठेवाव्यात आणि लहान मुलांसोबत आईलाही राहू द्यावं.

आमच्या जठारपेठेत ही गोष्ट सांगितली तर ऐकणारा आधी चकितच होतो. अकोल्यात लेकरू ॲडमिट झालं की माय त्याच्याच खाटेवर निजते, आजी खाली सतरंजी टाकते आणि मामा डबा घेऊन येतो. ही गर्दी आपण गैरसोय म्हणून मोजतो. लंडनला जे समिती नेमून शिकावं लागलं ते आपल्याकडे कधी सुटलंच नव्हतं, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. पण दुसरीकडे आपणही त्या वॉर्डासारखेच फसतो. ‘लय गुणाचं पोर हाय, कोनापाशीही राह्यते, रडत नाही,’ हे कौतुक आपण किती सहज करतो! आणि नव्या बाळंतिणीला सांगतो, ‘रडू दे त्याले, मांडीची सवय नको लावू वं.’

या दोन्ही समजुती तपासल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि तान्ह्या मुलांना बघत होत्या. पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरला त्यांनी २६ कुटुंबांच्या घरी वर्षभर, एकेका खेपेला चारचार तास बसून नोंदी घेतल्या. सिल्व्हिया बेल यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये मांडलेला निष्कर्ष मांडीच्या सवयीच्या नेमका उलट होता: सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच साद मिळाली, ती बाळं वर्ष संपता संपता कमी रडत होती.

वर्षाच्या बाळांसाठी त्यांनी एक छोटी चाचणीही बसवली. अनोळखी खोली, खेळणी. आई तीनेक मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. बहुतेक बाळं रडली आणि आई येताच तिला बिलगून पुन्हा खेळायला लागली. काही बिलगूनही शांत होईनात. आणि काहींनी आईच्या जाण्यायेण्याची दखलच घेतली नाही, खेळण्यात मग्न. हीच सगळ्यात गुणाची, असं कुणीही म्हणालं असतं. पण एन्सवर्थ यांच्याकडे घरच्या नोंदी होत्या, आणि याच बाळांना घरी जवळ घेणं वारंवार नाकारलं गेलं होतं. १९७७ मध्ये ॲलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांची मोजणी प्रसिद्ध केली. चेहरा निवांत होता, काळीज धावत होतं.

इथे एक सांगितलंच पाहिजे. बोल्बींच्या १९५१ च्या जागतिक आरोग्य संघटनेसाठीच्या अहवालानं सगळा भार आईच्या माथी टाकला, आणि नोकरीवर जाणाऱ्या कितीतरी बायांनी तो अपराधासारखा वाहिला. पुढच्या संशोधनानं ते सैल केलं. बाळ आजीचा, बापाचा, मावशीचाही लळा धरतं. आणि पहिल्या वर्षात पुढचं आयुष्य लिहून ठेवलेलं नसतं. परिस्थिती बदलली की नातंही बदलतं. मात्र कुणाचा तरी लळा लागावाच लागतो, आणि ते माणूस टिकावं लागतं.

तसं माणूसच नसेल तर काय होतं, हे रुमेनियात दिसलं. तिथल्या अनाथालयांत ओळीनं पाळणे होते आणि कुणी रडत नव्हतं, कारण रडून कुणी येत नसे. २००१ च्या सुमारास बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांसाठी चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबं शोधली. जी साधारण दोन वर्षांच्या आत कुणाच्या तरी घरात गेली, ती बुद्धीनं आणि नात्यांत सर्वाधिक सावरली. आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो.

पण ज्यांना कुणी घरी नेतच नाही त्यांचं काय? अकोल्याहून अकोट, अंजनगाव करत परतवाड्याकडे गेलं की वझ्झर लागतं. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी उकिरड्यावर, बसस्थानकावर, रेल्वे फलाटावर टाकून दिलेली १२३ अपंग मुलं आपली मानली आणि कागदोपत्री बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. जळगाव रेल्वे स्थानकाच्या कचराकुंडीत सापडलेली एक अंध मुलगी २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली.

ते बोल्बी वाचून या कामाला लागले नव्हते. पण त्यांची वर्षानुवर्षांची मागणी पाहिली की रॉबर्टसनला ती तत्काळ कळली असती, असं वाटतं. अठरा पूर्ण झाले की बालगृहातल्या मुलाला बाहेर पडावं लागतं. मतिमंद, मूकबधिर, बेवारस मुलाला एवढ्या वर्षांत लागलेला लळा त्या तारखेला तोडू नका, अठरानंतरही त्याला तिथेच राहू देणारा कायदा करा, हे बाबा सरकारला सांगत आले आहेत. स्वतःपुरतं त्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांची कितीतरी मुलं तिशी ओलांडूनही वझ्झरलाच आहेत, आणि कित्येकांची लग्नं बापाच्या नात्यानं त्यांनीच लावून दिली.