भिंतीवरची नावं

आपल्या गटाची बैठक हजेरीनं सुरू होते. एखादीचं नाव लिहायचं राहिलं, तर ती लगेच म्हणते, "ताई, माझं नाव घ्या की." आज आम्ही ज्या गावाबद्दल सांगणार आहोत, तिथं हजारो नावं राहून गेली होती.

गाव आहे लिएपाया. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी लॅटव्हिया नावाचा लहानसा देश आहे, त्यातलं हे बंदर. कडक थंडीतही इथलं पाणी सहसा गोठत नाही, म्हणून रशियाच्या झारच्या राज्यात इथला व्यापार वाढला, अमेरिकेला बोटी जाऊ लागल्या. कामधंद्यासाठी ज्यू कुटुंबंही येऊन राहिली. ज्यू कोण, असं काहीजणींना वाटेल. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल, त्याच धर्माचे. आपल्याकडचे मराठी बोलायचे, तिकडचे यिडिश आणि जर्मन. १९३५ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ५७ हजार होती आणि त्यात ज्यू ७,३७९. म्हणजे आठांत एक.

२९ जून १९४१ ला हिटलरच्या फौजेनं हे शहर घेतलं. आधी पुरुषांना नेऊन गोळ्या घातल्या. मग डिसेंबर आला. १५ ते १७ तारखेला, तीन दिवसांत, शहराच्या उत्तरेला श्केदे इथल्या वाळूच्या टेकड्यांवर २,७०० हून जास्त माणसं मारली. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. त्या थंडीत आधी अंगावरचे कपडे काढायला लावले. गोळ्या घालणाऱ्यांत जर्मनांबरोबर तिथले लॅटव्हियन शिपाईही होते. हे सांगणं जड जातं, पण गाळून सांगणं बरं नाही.

मारणाऱ्यांनीच या सगळ्याचे फोटो काढले होते. दाविद झिव्हकॉन नावाचा ज्यू वायरमन जर्मन पोलिसांकडे कामाला लावलेला होता. एका अधिकाऱ्याच्या घरी वायरिंग दुरुस्त करताना त्याच्या हाती ते फिल्मचे रोल लागले. त्यानं गुपचूप छाप काढून घेतले, रोल जागच्या जागी ठेवले आणि छाप डब्यात घालून पुरले. युद्ध संपल्यावर ते उकरून काढले. पुढं न्युरेम्बर्गच्या खटल्यात ते पुरावा म्हणून आले.

तोवर दाविद जगला कसा? रोबेर्ट्स सेदुल्स आणि त्यांची बायको योहाना यांच्यामुळे. रोबेर्ट्स एका इमारतीची देखभाल करायचे. त्यांनी तळघरात अकरा ज्यू माणसं लपवली, त्यात दाविद आणि त्याची बायकोही होती. सापडलं तर नवरा-बायको दोघांचाही जीव जाणार. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका आजींनी पहिला प्रश्न केला, "अकरा माणसांचं जेवण शेजारणीला कळलं कसं नाही?" खरंच, रेशनच्या काळात जास्तीचं पीठ घरात आणणं हीसुद्धा जोखीमच. मार्च १९४५ मध्ये तोफगोळ्यानं रोबेर्ट्स गेले. मे महिन्यात युद्ध संपेपर्यंत योहानांनी ते तळघर सांभाळलं. अकराही जण वाचले.

आणखी एका आईची हिंमत सांगायची आहे. आपण ज्यूंनी वाढवलेलं टाकून दिलेलं मूल आहोत, जन्मानं ज्यू नाही, असं तिनं अधिकाऱ्यांना सांगितलं आणि त्यावर ठाम राहिली. त्यामुळे ती आणि तिचा मुलगा एडवर्ड वाचले. वडिलांना मात्र मारलं होतं. हे एडवर्ड अँडर्स पुढं अमेरिकेत उल्कांचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ झाले. म्हातारपणी त्यांनी एकच काम धरलं. जुने सरकारी कागद आणि वाचलेल्यांच्या साक्षी जुळवून लिएपायाच्या ज्यूंची यादी करायची. कोण, कधी जन्मलं, पुढं काय झालं. आपलं साधं सभासद रजिस्टर जुळवताना किती वेळ जातो ते आपल्याला माहीत आहे. इथं तर विचारायला माणसंच उरली नव्हती.

२००४ साली लिएपायाच्या ज्यू दफनभूमीत दगडी भिंत उभी राहिली. तिच्यावर ६,४२८ नावं आहेत.