पाहुण्याचा पैसा आणि माओरींची कलाशाळा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआ नावाचे गाव आहे. त्याच्या कडेच्या फाकारेवारेवा खोऱ्यात जमिनीतून वाफा निघतात, चिखल रटरटतो, आणि पोहुतु नावाचे उकळत्या पाण्याचे कारंजे तीस मीटरपर्यंत उसळते. याच खोऱ्यात माओरी लोकांचे ‘ते पुइआ’ हे सांस्कृतिक केंद्र आहे. देशोदेशींचे लोक तिकीट काढून तेथे जातात. आम्ही आयुष्यभर कामगारांच्या संघटना बांधीत आलो. तेव्हा अशा ठिकाणाविषयी वाचू लागलो की कारंज्याच्या उंचीपेक्षा आम्हांस वेगळेच कुतूहल वाटते. येथे राबते कोण, आणि तिकिटाचा पैसा जातो कोठे?

पाहुण्यास काय दिसते ते आधी सांगतो. सभागृहापुढच्या अंगणाला माओरी भाषेत ‘माराए’ म्हणतात. तेथे सरळ आत शिरावयाचे नसते. आलेल्या मंडळींतून एकाला म्होरक्या नेमतात. एक योद्धा शस्त्र परजीत पुढे येतो व जमिनीवर एक खूण ठेवतो. म्होरक्याने ती उचलली म्हणजे आपण भांडावयास आलो नाही असे ठरले. मग भाषणे, गाणी, आणि नाकाला नाक लावून अभिवादन. पुढे नाचाच्या वेळी बायकांच्या हाती दोरीला बांधलेले ‘पोइ’चे गोळे देतात, पुरुषांना ‘हाका’चे पवित्रे करावयास लावतात. पाहुण्यांची त्रेधा उडते, हशा पिकतो.

एवढ्यावरच सारे थांबले असते तर आम्ही त्याला निव्वळ करमणूक म्हटले असते. परंतु याच आवारात कोरीव कामाची आणि विणकामाची शाळा चालते. शिकाऊ उमेदवार लाकडावर पटाशी चालवीत असतात आणि पाहुणे उभे राहून पाहतात. विणकर बाया घायपातासारख्या दिसणाऱ्या ‘हाराकेके’ची पात शिंपल्याने खरवडून आतला तंतू मोकळा करतात. पात कापण्याचाही नियम आहे. मधला कोंब म्हणजे मूल, त्याच्या दोन बाजूंच्या पाती म्हणजे आईबाप. त्यांना हात लावावयाचा नाही, बाहेरच्या तेवढ्या घ्यावयाच्या. तिकिटांच्या उत्पन्नाचा हातभार या शाळांना लागतो.

ही व्यवस्था सहजासहजी आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात जवळच्या ते वाइरोआ गावी तुहोउरांगी जमातीचे लोक गोऱ्या प्रवाशांना तेथील गुलाबी व पांढऱ्या पाषाणपायऱ्या दाखवीत आणि त्याचे दाम घेत. त्यांच्या ‘हिनेमिही’ या कोरीव सभागृहातील मूर्तींचे डोळे शिंपल्यांचे नव्हते, सोन्याच्या नाण्यांचे होते! कोणी याला मिरवणे म्हणेल. आमच्या मते ती मजुरीची उघड पावती होती. १० जून १८८६ रोजी तारावेरा ज्वालामुखी फुटला आणि गाव गाडले गेले. पायऱ्याही गेल्या. हिनेमिहीत आसरा घेतलेली माणसे मात्र वाचली. विस्थापितांपैकी अनेक जण फाकारेवारेवास आले व वाटाड्याचे काम तेथे सुरू राहिले. या वाटाड्यांतल्या माकेरेती पुढे ऑक्सफर्डला शिकल्या. आपल्या लोकांविषयीचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला.

कारागिरी मात्र मागे पडत चालली होती. सर आपिराना न्गाता यांच्या खटपटीने १९२६ साली कायदा झाला व पुढल्या वर्षी रोटोरुआत शाळा निघाली. तेथील पिने ताइआपा यांना पटाशीचे काम येत होते, पण वाकस चालविण्याची जुनी रीत येत नव्हती. ती एरामिहा कापुआ या जुन्या कारागिराकडून शिकावी लागली. तो हात आधीच थंड पडला असता तर ती कोणत्या पुस्तकातून मिळणार होती?

आजची संस्था १९६३ च्या कायद्याची. १९६७ मध्ये पिने यांचे बंधू होने ताइआपा यांच्या हाताखाली कोरीव कामाची शाळा सुरू झाली, १९६९ मध्ये विणकामाची. मालकी मात्र सरकारची होती. ती जुलै २०२० मध्ये तेथील जमातींकडे आली. दैवाची मौज अशी की महामारीमुळे त्या वेळी देशाच्या सीमा बंद होत्या. मालकी हाती आली तेव्हा दारात परदेशी पाहुणा नव्हता.

हिनेमिही १८९२ साली गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी विकत घेऊन इंग्लंडात क्लँडन पार्कच्या बागेत नेऊन उभारली होती. तिचे मूळ कोरीव काम मायदेशी परत देण्याचे २०१९ मध्ये तत्त्वतः मान्य झाले. त्याच्या बदल्यात आजच्या माओरी कारागिरांनी नवे काम कोरून इंग्लंडला द्यावयाचे ठरले.