स्टॅटिस्टिकल अकाउंट ऑफ स्कॉटलंड
स्कॉटलंडच्या लोकजीवनाचा पॅरिशवार (चर्चच्या कार्यक्षेत्रावर आधारलेल्या स्थानिक विभागांनुसार) वृत्तांत देणारा २१ खंडांचा ग्रंथ (१७९१–९९). त्याचे संपादक केथनेसचे जमीनदार व संसदसदस्य सर जॉन सिंक्लेअर (१७५४–१८३५) हे होत. १७९० मध्ये त्यांनी नऊशेंहून अधिक पॅरिशांच्या धर्मोपदेशकांना सु. १६० प्रश्न पाठविले. ‘स्टॅटिस्टिक्स’ ही संज्ञा त्यांनी जर्मनीतून घेतली. परंतु राज्याच्या बळापेक्षा प्रजेच्या सुखाचे मान जाणणे हा त्यांचा हेतू होता. उत्तरांसाठी त्यांना वारंवार पत्रे धाडावी लागली; उरलेल्या काही पॅरिशांचे वृत्तांत अखेर इतरांकडून लिहवून घ्यावे लागले. मजुरी, धान्याचे भाव, शाळा, भिक्षेकरी, रूढी व समजुती यांचे तपशील ग्रंथात विपुल आहेत. गेलिक भाषेची पीछेहाट, मेंढ्यांच्या कुरणांसाठी हटविलेली कुळे आणि अमेरिकेकडील स्थलांतर यांची समकालीन साक्ष त्यात मिळते. ती सावधपणे वाचावी लागते; कारण अनेक धर्मोपदेशकांची नेमणूक जमीनदारांच्या शिफारशीने होत असे. काहींनी खंडवाढीवर उघड टीका केली, हे त्यामुळेच विशेष उल्लेखनीय होय. कुळांचे स्वतःचे म्हणणे मात्र त्यात क्वचितच येते. या धर्तीवरील दुसरी मालिका १८३४–४५ मध्ये, तर तिसरी १९५१–९२ या काळात प्रसिद्ध झाली.