पुराची खूण आणि घराची किंमत

महाड-पोलादपूरकडचे एखादे जुने घर विकाऊ निघाले, तर आता कुणाला नवल वाटत नाही. थोरली पिढी काळाआड गेली, मुले मुंबई-पुण्यास स्थिरावली, आणि गणपतीपुरता उघडणारा दरवाजा तेवढ्यापुरताही उघडेनासा झाला, की भावंडे एकत्र बसून घर काढून टाकण्याचे ठरवतात. तत्पूर्वी डागडुजी होते. कौले उतरून पत्रा चढतो, सारवणाच्या जागी फरशी येते, भिंतींना नवा गिलावा आणि वर ताजा रंग बसतो. मग 'नूतनीकरण केलेले वडिलोपार्जित घर' म्हणून जाहिरात होते. यात गैर काही नाही. पडक्या घराला गिऱ्हाईक येत नाही, आणि वडिलांचे घर विकले म्हणून कोणाला नावे ठेवण्याचेही कारण नाही.

प्रश्न आहे तो त्या ताज्या रंगाखाली काय झाकले गेले याचा. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या सखल भागांतले तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची एक आडवी रेघ राहिली. घराविषयी तिच्याइतका खरा दस्तऐवज दुसरा नसतो, आणि दुरुस्तीत सर्वांत आधी पुसली जाते तीच.

हा पूर अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरकडून वेगाने खाली येते आणि महाडपाशी सपाटीला लागते. तेथेच गांधारी तिला मिळते. समोरून बाणकोटच्या खाडीतील भरती चढत असली, तर उतरणाऱ्या पाण्याला वाट राहत नाही. याच भरतीच्या बळावर एके काळी मालाची गलबते आत येत आणि महाडची बाजारपेठ भरभराटली, हेही विसरता येणार नाही. २००५ च्या जुलैतही महाड तालुक्याने असाच प्रलय पाहिला होता. त्या वेळी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर आला. म्हणजे नदीकाठी पाण्याची रेघ विचारावी, तसा डोंगराच्या कुशीतल्या घरामागचा उतारही पाहावा. (नवे बांधकाम म्हणजे भक्कम, या समजुतीचे उत्तर महाडमध्येच २४ ऑगस्ट २०२० रोजी मिळाले. त्या दिवशी कोसळलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती.)

विक्रेत्याच्या कर्तव्याविषयी कायदा मूक नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. हा दोष मिळकतीतला असो वा मालकीहक्कातला. बहिणीचा हिस्सा दडवणे यात येतेच. पुराच्या पाण्याची उंची हा मिळकतीतला दोष म्हणावा की नाही, यावर वकील वाद घालतील. परंतु जी खूण साध्या डोळ्यांना दिसत होती ती रंगाने झाकल्यावर खरेदीदाराने दक्षता दाखवावी कशी?

हा खरेदीदार बहुधा धनिक नसतो. तो औद्योगिक वसाहतीतला कामगार किंवा तालुक्यातला शिक्षक असतो. भविष्यनिर्वाह निधी काढून आणि कर्ज उचलून तो घर घेतो. कर्ज देताना बँकेचा वकील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेतो. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, फेरफार, वारसांच्या सह्या पाहतो. एका रात्रीत चढलेल्या पाण्याविषयी त्या कागदांत ओळ नसते. जलसंपदा खाते नदीकाठी पूररेषा आखते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपले घर या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हे विसार देण्यापूर्वीच विचारलेले बरे.

विक्रेत्यांची अडचणही खरी आहे. पाण्याची गोष्ट सांगितली की भाव पडतो, आणि चार भावंडांत वाटून हाती येणारी रक्कम आधीच बेताची असते. तरीही २०२१ मध्ये पाणी जोत्यापासून किती फूट चढले, एवढे एक वाक्य खरेदीखतात घालण्यास खर्च काही नाही. उलट तेच वाक्य उद्या विक्रेत्याच्या बचावाला येईल, आणि खरेदीदार विजेची बटणे व धान्याची कोठी त्या हिशेबाने उंचावर बसवील.

घर पाहायला लोक येतात ते बहुधा मे महिन्यात. तेव्हा सावित्री पात्रात मुकाट पडलेली असते. दलाल नवी फरशी दाखवतो, नळ सोडून दाखवतो. शेजारच्या ओटीवर बसलेल्या आजीबाईंना मात्र पाणी कितव्या पायरीवरून कोठवर गेले ते पाठ असते. त्यांना विचारायला सहसा कोणी थांबत नाही.